सवलतींची उतरंड कशी रचावी

सेनगाव तालुक्यातल्या नवशिक्यांसाठी पायरीवार मार्गदर्शिका

शहरातली हुशार माणसं हल्ली कोणतीही वस्तू सांगितल्या किमतीला घेत नाहीत. आधी सेलची वाट बघतात, मग कूपन लावतात, त्यावर बँकेची सूट, त्यावर कॅशबॅक, त्यावर पॉइंट, आणि एवढं करून जी रक्कम उरेल तिचे बिनव्याजी हप्ते पाडतात. आजी मडक्यावर मडकं ठेवून उतरंड रचायची, तशी ही सवलतींची उतरंड. यूट्यूबवर ती रचून दाखवणारे गुरू रग्गड आहेत. पण त्या सगळ्यांचा पगार एक तारखेला होतो, डिलिव्हरीवाला त्यांच्या दारात दोन दिवसांत येतो आणि ओटीपी येईपर्यंत त्यांच्या मोबाइलची रेंज टिकते. सेनगावच्या माणसाला ही विद्या शिकवायला अजून कोणी पुढं आलेलं नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रपंच. वाचकाला बेरीज, वजाबाकी आणि शेकडेवारी येते असं गृहीत धरलं आहे. बेरीज फारशी लागणार नाही.

लागणारं साहित्य

एक क्रेडिट कार्ड. फार तर दोन. तिसरं घ्यावंसं वाटलं तर एक रात्र झोप काढावी. आधार आणि पॅन, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच असलेले. बँकेत जो नंबर दिला आहे तोच चालू असलेला मोबाइल, रिचार्जसकट. शंभर पानी वही. हिंगोलीत राहणारा एक मेहुणा, ज्याचा पत्ता डिलिव्हरीसाठी देता येईल. आणि एसटीनं प्रवास करायला तयार असलेली घरातली एक बाई, जिचं काम पुढं सांगितलं आहे.

पायरी पहिली: आपल्याकडे कोणतं कार्ड आहे ते तपासा

घाईघाईनं नवीन कार्डाचा अर्ज भरू नका. सेनगावातल्या पुष्कळ घरांत क्रेडिट कार्ड आधीपासूनच आहे. त्याचं नाव किसान क्रेडिट कार्ड, जन्मसाल १९९८. त्यावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी मिळतं. मुदतीत फेडलं की केंद्र सरकार तीन टक्के सोडतं. उरलेलं व्याज राज्य सरकार उचलतं, त्यातला मोठा वाटा डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा, म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला व्याज शून्य. सवलतीवर सवलत रचण्याचा हा महाराष्ट्रातला सर्वांत यशस्वी प्रयोग आहे आणि तो कोणत्याही ॲपशिवाय चालू आहे. शिवाय या कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी म्हणून पीककर्जाच्या दहा टक्के रक्कमही धरलेली असते. मात्र त्याला सोनेरी किनार नाही, त्यावर पॉइंट मिळत नाहीत आणि ते पाकिटातून काढून दाखवलं तर कोणी बघत नाही. त्यामुळे शहरातले तज्ज्ञ त्याला कार्ड समजत नाहीत.

दुसरं कार्ड तज्ज्ञ ज्याला कार्ड समजतात ते. बिल वेळेवर आणि पूर्ण भरलं तर त्यावरही व्याज शून्यच. नाही भरलं तर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस ते पंचेचाळीस. यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांचा लगाम घातला होता. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो काढून टाकला. दोन्ही कार्डांच्या नावात एका शब्दाचा फरक आहे. व्याजातला फरक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पायरी दुसरी: कार्ड मिळवणे

बँक पगाराची स्लिप किंवा आयकर विवरणपत्र मागेल. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. मोंढ्यातली काटापट्टी दाखवून उपयोग होत नाही. अशा वेळी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं. पंचवीस हजारांची ठेव ठेवली की तिच्या पाऊण ते नव्वद टक्क्यांपर्यंतची मर्यादा मिळते. आपलेच पैसे बँकेत अडकवायचे आणि बँकेकडून आपल्यालाच उधार घ्यायचे, यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. नवशिक्यासाठी हे सर्वांत सुरक्षित कार्ड आहे, कारण त्यात वाहवत जायची हद्द आधीच आखलेली असते.

न मागता कार्ड घरी आलं तर हुरळून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार न मागितलेलं कार्ड देताच येत नाही. मागितलेलं कार्डही तीस दिवसांत चालू केलं नाही, तर बँकेनं तुमची ओटीपीनं संमती घ्यावी लागते, आणि ती मिळाली नाही तर कार्ड फुकटात बंद करावं लागतं. ओटीपी हीच तुमची सही आहे. ‘साहेब, फक्त नंबर सांगा’ म्हणणाऱ्याला ती फोनवर देऊ नका.

वार्षिक शुल्काचंही नीट वाचा. समजा शुल्क ४९९ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. ‘वर्षात एक लाख खर्च केल्यास शुल्क माफ’ अशी त्याखाली ओळ असते. हे पाचशे नव्वद रुपये वाचवण्यासाठी लाखभर खर्च केलेली सज्जन माणसं मार्च महिन्यात जागोजाग भेटतात.

पायरी तिसरी: उतरंड रचणे

उदाहरणासाठी अडीचशे लिटरचा दोन दारी फ्रिज घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण ही गणितं दर दसऱ्याला याच जातीची असतात.

खोक्यावरची छापील किंमत ३५,००० रुपये. या किमतीला तो फ्रिज पृथ्वीवर कोणीही घेतलेला नाही. ती रेघ मारण्यासाठी छापलेली असते. एरवीची ऑनलाइन किंमत २४,०००. नवरात्राच्या सेलमध्ये २२,५००. हे पहिलं मडकं, आणि ते रचायला कार्ड लागत नाही, थांबणं लागतं.

इथं एक सूचना. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि एसीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन त्याआधीही अठरातच होते. तेव्हा फ्रिजवर ‘जीएसटी कपातीचा लाभ’ अशी पाटी दिसली, तर पाटीचं कौतुक करून पुढं जा.

दुसरं मडकं बँकेच्या तत्काळ सुटीचं. ‘अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट.’ २२,५०० चे दहा टक्के म्हणजे २,२५०. पण खाली बारीक अक्षरांत ‘कमाल १,५०० रुपये’ लिहिलेलं असतं. उरले २१,०००.

तिसरं मडकं त्या दुकानाच्या स्वतःच्या कार्डाचं. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डावर प्राइम सदस्याला ॲमेझॉनवरच्या खरेदीवर पाच टक्के मिळतात, फ्लिपकार्ट ॲक्सिस कार्डावर फ्लिपकार्टवर पाच टक्के. पाच टक्के म्हणजे १,१२५. हे आधीच्या पंधराशेत मिळवून २,६२५ असं वहीत लिहिणाऱ्यानं खोडरबर जवळ ठेवावं. एका खरेदीला एकच कार्ड लागतं. सेलची दहा टक्के सूट ज्या बँकेची असते तिचं कार्ड आपल्याकडे नसतं, हा तर या विद्येचा पहिला सिद्धान्त आहे. इथं दीड हजार मोठे, म्हणून ते ठेवा.

चौथं मडकं गिफ्ट व्हाउचरचं. बाहेरून दोन-तीन टक्के स्वस्त व्हाउचर घ्यायचं आणि त्यानं पैसे भरायचे. पण जेवढी रक्कम व्हाउचरनं भराल तेवढ्यावर कार्डाची सूट बसत नाही. म्हणजे हे मडकं ठेवलं की दुसरं खाली येतं.

पाचवं मडकं कॅशबॅकच्या साइटचं. त्यांच्या लिंकवरून गेलात तर समजा एक टक्का, २१० रुपये, तेही दोन-तीन महिन्यांनी. मधे दुसरीकडचं कूपन लावलं असेल तर तेही जातात.

सहावं मडकं पॉइंटांचं, आणि यावर नवशिक्यांचा सर्वांत जास्त जीव. शंभर रुपयांना एक पॉइंट, एका पॉइंटाचे पंचवीस पैसे, असा सर्वसाधारण भाव धरू. २१,००० वर २१० पॉइंट, म्हणजे बावन्न रुपये पन्नास पैसे. हे पॉइंट वटवायला काही बँका ९९ रुपये घेतात, वर जीएसटी. एकशे सोळा रुपये ब्याऐंशी पैसे देऊन साडेबावन्न रुपये मिळवण्याची ही संधी. पॉइंट भरपूर साठल्यावरच ते एकदम वटवावेत, आणि त्याआधी त्यांची मुदत संपत नाही ना तेही बघावं.

सातवं मडकं बिनव्याजी हप्त्यांचं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठं तरी लपवलेलं असतं. त्यानंतर तोच माल ‘नो कॉस्ट’ या नावानं आला. पद्धत अशी: बँक व्याज लावते, तेवढी रक्कम दुकान आधीच किमतीतून कमी करतं. व्याज फिटलं, पण व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी तुमच्या बिलात राहतो. सहा महिन्यांचं व्याज हजाराच्या आसपास धरलं तर १८० रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर जीएसटी, मिळून सुमारे २३५. फुकटाचे हप्ते चारशे पंधराला पडले. शिवाय हप्त्यांच्या खरेदीवर कित्येक कार्डं पॉइंट देत नाहीत, म्हणजे सहावं मडकंही गेलं.

तात्पर्य, सात मडक्यांपैकी उभी राहतात ती खालची दोन.

पायरी चौथी: फ्रिज घरी आणणे

मोठी वस्तू आपल्या पिनकोडला पोचत नाही असं दिसलं तर मेहुण्याचा पत्ता द्या. फ्रिज हिंगोलीला उतरेल. तुम्ही आणायला जाईपर्यंत मेहुण्याच्या घरचं दूध त्यात जाऊन बसलेलं असेल, ते सौजन्यानं बाहेर काढा. तिथून सेनगावला आणायला छोटा हत्ती, समजा आठशे रुपये. आपल्याकडच्या विजेच्या मानानं स्टॅबिलायझर हवाच, तो बाराशे. २१,००० अधिक ८०० अधिक १,२०० म्हणजे २३,०००.

आता साहित्यातल्या बाईंचं काम. त्यांना एसटीनं हिंगोलीच्या दुकानात पाठवा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेली सासू असेल तर तिचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट. या सवलतीला किमान खरेदीची अट नाही, कमाल मर्यादा नाही, ओटीपी नाही, म्हणून तिच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही. दुकानात पुढील संवाद होतो:

“काय भाऊ, हा केवढ्याला?”

“ताई, साडेचोवीस.”

“ऑनलाइन एकवीसला हाय.”

“मंग तिकडूनच घ्या की. बिघडला तं त्यालाच बोलवा.”

“बरं, बोला शेवटचं.”

“तेवीस. स्टॅबिलायझर आपल्याकडून, अन् गाडी घरापर्यंत.”

“कार्ड चालतंय का?”

“चालतंय, पर दोन टक्के लागतील.”

“अन् रोख दिले तं?”

“रोख दिले तं चहा बी आपल्याकडून.”

सात थरांची उतरंड रचून २३,०००. घासाघीस करून २३,०००, त्यात चहा आणि फ्रिज बिघडला तर भांडायला एक ओळखीचा माणूस. कार्डाला मागितलेले दोन टक्के कुठून आले तेही इथं समजून घ्या. कार्ड घासलं की बँक दुकानदाराकडून टक्का-दोन टक्के कापून घेते. तुमचे पॉइंट, लाउंज, कॅशबॅक त्यातूनच निघतात. शहरातला मोठा दुकानदार ती कपात सगळ्यांच्या किमतीत मिसळून टाकतो, रोख देणाऱ्याच्याही. हिंगोलीचा दुकानदार ती तोंडावर सांगतो.

पायरी पाचवी: तारीख

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, बरोबरीत सुटलं तर सुटलं, निदान पैसे पन्नास दिवस वापरायला मिळतात. खरं आहे. कार्डाचं बिल ज्या तारखेला निघतं तिच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर पैसे भरायला पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळतात. बिलाच्या आदल्या दिवशी केली तर जेमतेम वीस. बिलाची तारीख निदान एकदा तरी बदलून घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं ग्राहकाला दिली आहे, ती जरूर वापरा.

अडचण वेगळीच आहे. कार्डाचं बिल वर्षातून बारा वेळा येतं. आपल्याकडे पैसा सुगीला येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या मागंपुढं, तूर संक्रांतीनंतर, हळद शिजवून-वाळवून-पॉलिश करून हिंगोली-वसमतच्या बाजारात नेईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. दरमहा येणारी रक्कम म्हणाल तर लाडक्या बहिणीचे १,५००, आणि तीही तारखेला बांधलेली नसते. पन्नास दिवसांची मुदत ज्यानं ठरवली त्याच्या डोळ्यांपुढं पगारदार होता.

फ्रिजचंच बघा. नवरात्राच्या सेलमध्ये घेतला, बिल ऑक्टोबरमध्ये निघालं, पैसे नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरायचे. सोयाबीन तोवर निघतं, पण परतीचा पाऊस लागला तर त्यात ओल राहते. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर आर्द्रता बारा टक्क्यांच्या आत लागते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. ओल्या मालाला मोंढ्यात त्याच्या बराच खाली भाव लागतो. पाचशेनं खाली लागला आणि बिल भरायचं म्हणून दहा क्विंटल विकले, तर पाच हजार गेले. पंधराशेची सूट वाचवण्यासाठी पाच हजार घाईनं घालवणं, ही उतरंड कोणत्याच व्हिडिओत दाखवलेली नाही.

नाही विकलं, तर बिलावर ठळक अक्षरांत एक दिलासा छापलेला असतो: ‘किमान देय रक्कम.’ २१,००० ला साधारण पाच टक्के, १,०५०. तेवढे भरले की बँक फोन करत नाही. ती गप्प बसते, कारण राहिलेल्या १९,९५० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला ७०० रुपये व्याज आणि त्यावर १२६ रुपये जीएसटी चालू झालेला असतो. व्याज मोजतात तेही खरेदीच्या दिवसापासून. बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. चहापत्तीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. पंधराशेची सूट दोन महिन्यांत फिटते. तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही बँकेला सूट देऊ लागता.

दुकानदाराची उधारी याच जागी कार्डाला मात देते. ‘सोयाबीन झालं की देतो’ या वाक्यात जी मुदत आहे ती पेरणी ते सुगी, चार महिन्यांची. मर्यादा ठरवणारा माणूस तुमचं वावर आणि तुमची दानत दोन्ही ओळखतो. फक्त तिथलं व्याज वहीत दिसत नाही, ते किमतीत असतं. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव एकदा वेगवेगळा विचारून बघा, म्हणजे कळेल.

थोर साधकांची चरित्रे

उत्साह टिकावा म्हणून दोन आदर्श सांगतो. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअरनं एका खाद्यकंपनीची विमान मैलांची योजना नीट वाचली आणि सुमारे ३,१४० डॉलर देऊन पुडिंगचे १२,१५० कप घेतले. त्यावर त्याला साडेबारा लाखांवर विमान मैल मिळाले. दुसरे साधक अमेरिकी टांकसाळीचे. टांकसाळ एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला घरपोच फुकट पाठवायची. लोक कार्डावर हजारो नाणी मागवायचे, तीच नाणी बँकेत भरून बिल चुकवायचे आणि पॉइंट ठेवून घ्यायचे. २०११ मध्ये टांकसाळीनं कार्ड घेणं बंद केलं. आपल्याकडे पाकीट-ॲपमध्ये पैसे भरून किंवा घरभाडं दाखवून पॉइंट मिळवायची टूम निघाली, तीही बँकांनी एकेक करून आवळली. पळवाट गावभर झाली की बुजते. सेनगावपर्यंत जी युक्ती पोचली ती बंद झालेली आहे असं समजून चालायला हरकत नाही.

नेहमीच्या शंका

*कार्डावर विमानतळाचं लाउंज फुकट आहे. कसं वापरावं?*
आधी विमानतळ गाठावा. सेनगावला रेल्वेही नाही. गाडी पकडायला हिंगोलीला जावं लागतं आणि विमानाचं नाव काढलं की नांदेड. लाउंजमधल्या फुकट पोह्यांसाठी विमानाचं तिकीट काढणारे लोक शहरात आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

*पेट्रोलवर एक टक्का अधिभार माफ असतो ना?*
असतो, पण बहुतेक कार्डांवर एका वेळी चारशे-पाचशेचं तरी टाकावं लागतं. मोटारसायकलीत दोनशेचं टाकणाऱ्याला माफी नाही. अधिभारावरचा जीएसटी परत येत नाही आणि पेट्रोलवर सहसा पॉइंट नाहीत.

*बाजारात भाजी घेताना कार्ड वापरता येईल का?*
येईल. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दुकानदाराचा क्यूआर कोड व्यापारी खात्याचा हवा. भाजीवाल्या मावशीच्या नातवाच्या नंबरवर कार्डातून पैसे जाणार नाहीत. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला छोट्या दुकानदाराकडून कपात होत नाही, तेव्हा कोणी जास्तीचे पैसे मागितले तर हे सांगा. मात्र मेथीच्या दोन जुड्यांवर पॉइंट मोजत बसू नये. मागं रांग लागते.

*खत-बियाणं कार्डावर घेतलं तर?*
कृषी सेवा केंद्रातलं खतविक्रीचं यंत्र कार्डाचं नसून अंगठ्याचं आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरा खर्च त्याच्या कित्येक पट. बाकीचं सरकार भरतं. एवढी सूट कोणत्याच सेलमध्ये नाही. त्या गोणीबरोबर नको असलेली दुसरी पिशवी गळ्यात मारली जाते, तिला लिंकिंग म्हणतात. सवलत परत काढून घेण्याची ही आपल्याकडची देशी रीत. तिची तक्रार कृषी अधिकाऱ्याकडे करता येते आणि करावी.

*कार्डाचं कर्ज कर्जमाफीत बसतं का?*
नाही. २०१७ ची माफी आणि २०१९ ची माफी, दोन्ही शेतीकर्जाच्या होत्या. फ्रिजचा सातबारा निघत नाही.

*‘तुमचे ९,८०० पॉइंट आज संपणार, लिंक उघडा’ असा मेसेज आला. काय करू?*
पुसून टाका. लिंकवरून ॲप टाकायला सांगतात, त्यातून ओटीपी चोरतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. तोवर पॉइंटांचं दुःख करू नका. तुमचे खरे पॉइंट साडेबावन्न रुपयांचेच होते.

*कार्ड बंद कसं करावं?*
सगळी बाकी भरून लेखी किंवा ॲपवर कळवावं. बँकेनं सात कामाच्या दिवसांत बंद करायला हवं. नाही केलं तर पुढं दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. कार्डाच्या सगळ्या योजनांत हीच एक अशी आहे, जिच्यात काही विकत न घेता पैसे मिळतात.

निष्कर्ष

ही विद्या खोटी नाही. ज्याचा पगार दरमहा होतो, जो पूर्ण बिलाला ऑटो डेबिट लावून ठेवतो आणि जी वस्तू घ्यायची होती तीच घेतो, त्याला वर्षाकाठी चार-पाच हजार रुपये सहज सुटतात. गावातल्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, नर्सबाईंनी खुशाल रचावी ही उतरंड. शेतावर चालणाऱ्या घरासाठी नियम एकच आहे: फ्रिजचे पैसे आजच खात्यात पडलेले असतील, तर कार्डानं घ्या, बिल पूर्ण भरा आणि ती पंधराशेची सूट बिनधास्त खिशात घाला. पैसे अजून वावरात उभे असतील, तर थांबा. सोयाबीन वाळू द्या, भाव लागू द्या, किसान कार्डाचं कर्ज मुदतीत भरून शून्य टक्के पदरात पाडून घ्या. फ्रिज कुठं जात नाही, आणि सेल तर जानेवारीत प्रजासत्ताक दिनालाही लागतो.